आमच्या ओट्यावरचा काळा बैल

“ताई, दाराला तोरण टांगा, लिंबू-मिरची टांगा, हवा तर जावयाचा फोटो टांगा, पण बैल टांगू नका!” असं समोरच्या प्रमिलाबाईंनी मला बजावलं होतं. मी हसले. मी बी.ए. आहे, तेही तत्त्वज्ञान घेऊन, सेकंड क्लास! माझ्या दाराला काय टांगावं हे चौथीतून शाळा सोडलेल्या बाईनं मला सांगावं?

आता इथे धुळ्याला जी ती बाई हळदीकुंकवाला आली की पदर सावरत विचारते, “जळगावला तुमच्या घरी गुत्ता होता म्हणे?” तर एकदाच काय ते सांगून टाकते. होय! आमच्या ओट्यावर पब होता. अस्सल विलायती पद्धतीचा, रोज संध्याकाळी पाच ते सात. मीच काढला होता. आणि माझे यजमान तेव्हा दारूबंदीचे प्रचारक होते! कुठे सांगायचं तिथे खुशाल सांगा. पुरतं सांगा, एवढंच माझं म्हणणं.

मी काळजी करणारी बाई आहे, हे आधीच कबूल करते. गेल्या उन्हाळ्यात आमची इंदू आठ महिन्यांची होती. ती झोपली की मी तिचे श्वास मोजी आणि जागी असली की ढेकर. थर्मामीटर तिच्या काखेत इतका वेळ असायचा की नवख्या माणसाला तो दागिना वाटावा! अशा बाईच्या नजरेतून घरातलं दुसरं एक माणूस दिवसेंदिवस वाळत चाललंय, हे सुटेल कसं?

ते माणूस म्हणजे रुपचंद आबा, ह्यांचे काका. ह्यांना त्यांनीच लहानाचं मोठं केलं. भुसावळच्या रेल्वे कारखान्यात तीस वर्षं फिटर. हातोड्यांच्या दणदणाटानं डावा कान गेलेला. काकू दोन वर्षांपूर्वी गेल्या, आणि नोकरी संपल्यावर आबा धरणगावच्या घरात एकटेच राहू लागले, म्हणून आम्ही त्यांना जळगावला आणलं. आणलं खरं, पण ते दुपारी चारला ओट्यावर येऊन बसत ते दिवेलागणीला आत येत. मधल्या वेळात एक शब्द नाही. रस्त्याकडे असे बघत, जणू चुकलेली गाडी मागे फिरून येणार आहे. आणि भाकरी! फाल्गुनात दोन, चैत्रात दीड, वैशाख लागला तशी अर्धी. मी मोजत होते ना!

डॉक्टरांना बोलावलं. ते म्हणाले, “प्रकृती ठणठणीत आहे. बोलायला माणूस नाही, एवढंच दुखणं.” आणि बाटलीभर गुलाबी औषध देऊन गेले. औषधाशी काय बोलणार?

एके दिवशी मी आलं ठेचत होते. गावोगाव भाषणं ठोकून ह्यांचा घसा बसायचा, त्यासाठी. तेवढ्यात मागून आवाज आला, “ग्रिमशॉ अक्काच्या पबात असाच वास यायचा.”

माझ्या हातातला वरवंटा सुटता सुटता राहिला. एक तर आबा दहा दिवसांत पहिलं अख्खं वाक्य बोलले होते. आणि दुसरं, दारूबंदी प्रचारकाच्या स्वयंपाकघरात त्यांनी ‘पब’ हा शब्द उच्चारला होता!

“कोण ग्रिमशॉ अक्का?” मी हळूच विचारलं. उडू पाहणाऱ्या पाखराला विचारावं तसं.

आणि आबा बोलू लागले. लढाईच्या काळात सरकारनं इथले काही कारागीर शिकायला विलायतेला धाडले होते. त्यांत आबा. चाळिशीला टेकलेले, पोटात आईला दिलेला शब्द की थेंब घेणार नाही, आणि गाव मँचेस्टर! धूर, धुकं आणि पाऊस. कारखान्यातून सुटलं की अंधार. खोलीवर जावं तर भिंती खायला उठत.

“मग एक दिवस ट्रामवाला बॉबभाऊ मला ओढत पबात घेऊन गेला,” आबा म्हणाले. “पोरी, आपल्याकडे कोपऱ्याकोपऱ्यावर मारुती असतो ना, तसे तठे पब. दारावर पाटी, पाटीवर चित्र. एकाचं नाव नांगर, एकाचं सात तारे, एकाचं तर राजाचं डोकं! इंग्रज मोठा अजब. राजाचं डोकं दारावर टांगतो अन् राजा रागवत नही! आमचा होता तो काळा बैल.”

“आणि दारू?”

“असायची की. पण तठे पिणारा कमी, बसणारा जास्त. एक म्हातारी अर्ध्या पेल्यावर अख्खा मोजा विणायची. शेगडीजवळची खुर्ची कोळसेवाल्याची. तो नसला तरी तीवर कोणी बसायचं नही, फक्त कुत्रं बसायचं. बाकं इतकी झिजलेली की हात ठेवला तर लोणी वाटावं. ग्रिमशॉ अक्का मालकीण. मला म्हणाली, तू पीत नाहीस? मग मी तुला आल्याचं पाणी करून देते, पण उभा राहू नकोस, बस! वर्षभर रोज गेलो. थेंब घेतला नही. रात्री दहाला उठायची घंटा. ‘टाइम, जंटलमेन, प्लीज!’”

हे शेवटचं आबा एवढ्या मोठ्यानं म्हणाले की पाळण्यात इंदू दचकून जागी झाली. त्या रात्री आबांनी दीड भाकरी खाल्ली!

भाकऱ्यांचा तो आकडा बघून मी तिथेच ठरवलं. विलायतेहून मँचेस्टर इथे येणार नाही. पण आमचा ओटा काही कमी नव्हता. तीन पायऱ्या, चार खुर्च्या, एक बाक, समोर बाजाराचा रस्ता. पब काढायचा!

“अगं, शुद्धीवर आहेस ना?” हे ओरडले. ह्यांचं नाव अभिमन, पण त्या वेळी अभिमानाचा मागमूस चेहऱ्यावर नव्हता. “मी गावोगाव सांगत फिरतो की दारू सोडा, आणि माझ्याच ओट्यावर पब?”

“पिण्याचा नाही, बसण्याचा.”

“लोकांना फरक कळणार आहे?”

“कळवू! प्रचार करणं तुमचंच काम आहे ना?”

ह्यांनी डोक्याला हात लावला. त्यांची नोकरी तेव्हा तात्पुरती होती, पावसाळ्याआधी कायम व्हायची होती. पण ह्यांना आबांची भाकरीही दिसत होतीच. 

पाटी रंगवायला मगन पेंटरला बोलावलं. मगन एरवी सिनेमाच्या पाट्या रंगवतो आणि पोळ्याला बैलांची शिंगं. आबा त्याच्या डोक्याशी उभे.

“मगन, इंग्रजी बैल पाहिजे. वशिंड काढू नको.”

“आबा, वशिंडाशिवाय बैल म्हणजे म्हैस! माझं नाव खाली राहणार, लोक काय म्हणतील?”

“बरं, झूल तरी नको.”

“झूल नाही. पण बैल मी पुरता काढणार!”

आणि मगननं बैल पुरता काढला. इतका पुरता, की पाटी टांगली तेव्हा मी ती जरा तिरपी लावायला सांगितली. काळाभोर, मान वाकडी, नाकातून वाफ. खाली ठळक अक्षरात: ‘काळा बैल. रोज पाच ते सात.’

प्रमिलाबाई समोरच्या खिडकीतून बघत होत्या. तेव्हाच त्यांनी तो इशारा दिला. वर म्हणाल्या, “ताई, हा बाजाराचा रस्ता आहे. खेड्यातला माणूस अक्षर वाचत नाही, चित्र वाचतो. दातांचं चित्र दिसलं की दात काढायला जातो. मग बैल बघून कशाला येईल?”

मी हसले, हे आधीच सांगितलं.

पहिले दोन दिवस छान गेले. समोर अड्ड्यावर उभा असणारा नथ्थू टांगेवाला आला, निवृत्त पोस्टमन तोतारामजी आले. एक वाटसरू पाटी बघून म्हणाला, “एकच बैल? दुसरा कुठाय? पक्ष फुटला का?” निवडणुका होऊन वर्षच झालं होतं, बैलजोडीची निशाणी अजून भिंतींवर होती. आबा खदखदून हसले. मला ते हसणं ऐकून इंदूला पहिला दात आल्यासारखं झालं!

खेळही होता. मँचेस्टरला म्हणे भिंतीवरच्या गोल फळीवर बाण मारतात. इथे फळी कुठली? आबांनी केळीचं जाड खोड आडवं कापून चकती काढली, तीवर हळदकुंकवानं गोल आखले आणि ती दोरीनं दाराच्या कडीला बांधली. बाण म्हणजे पोती शिवायचे दाभण, मागे कोंबडीची पिसं. चकती दुसऱ्या दिवशी सुकायची; पण केळीच्या मुलखात खोडाला काय तोटा? इंदू दाभणांपासून सहा हात लांब राहील अशी मी खडूची रेघ मारली होती. रोज नवी.

आणि पेय! आलं, साखर, लिंबू आणि पाववाल्याकडून आणलेलं चमचाभर खमीर. आबांना अक्काची सगळी कृती पाठ होती. बाटलीत भरायचं, बूच लावायचं, सुतळीनं आवळायचं. “घट्ट बांध पोरी, नही तर दम जातो.” तीन दिवसांनी उघडलं की फस्स! नाकात झिणझिण्या, डोळ्यांत पाणी. नथ्थू म्हणाला, “वहिनी, घोड्याला पाजलं तर मुंबईला जाऊन येईल!”

मग बाजाराचा दिवस उजाडला.

पाच वाजले आणि ओट्यासमोर एक शेतकरी उभा. धोतर गुडघ्यापर्यंत धुळीनं माखलेलं, हातात दावं, दाव्याला लाल गाय.

“राम राम अक्का. बैल कोठे शे?”

“कुठला बैल, भाऊ?”

“हाऊ ना!” त्यानं पाटीकडे बोट केलं.

“अहो, ते चित्र आहे.”

“चित्र शे ते माले बी दिसस. ज्यानं चित्र शे, तो कोठे शे?”

“तो... मँचेस्टरला!”

“ते कोठे शे? पाचोराना पल्याड का?”

माझ्या डोक्यात तेव्हा कुठे उजेड पडला. गाय दाखवायला आणली होती! पाटीवर पुरता वळू होता, खाली वेळसुद्धा दिलेली होती. त्याचं काय चुकलं? खिडकीत प्रमिलाबाई नुसत्या उभ्या होत्या. बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

“दोन कोस चालीसन उनू मी,” तो म्हणाला. त्याचं नाव उखर्डू. “बैल नही ते पाटी कसाले लाई? आते घरमा काय सांगू?”

मी शरमेनं काही बोलणार, तोच आबा उठले. खुर्ची पुढे सरकवली. म्हणाले, “बैल नही, भाऊ. पण बस.”

उखर्डूनं गाय कडुनिंबाला बांधली आणि तो बसला. आल्याचं पाणी प्याला. ठसकला. पुन्हा प्याला. साताची घंटा होईपर्यंत त्याच्या थोरल्या मुलाचं लग्न, धाकट्याचं न लागलेलं लग्न आणि बोंडअळी असं सगळं बोलून झालं. ती घंटाही आबांचीच, कारखान्यातल्या सोबत्यांनी निरोपाला दिलेली, पितळी. “टाइम, जंटलमेन, प्लीज!” ऐकून उखर्डू दचकला आणि म्हणाला, “पुढला बाजारले येसू. तवलोंग बैल येस का दखा.” म्हणजे तोवर बैल येतो का बघा!

पुढल्या बाजारी चार गायी आल्या! एका धन्यानं तर गायीच्या शिंगांना रंग दिला होता. बैल कुणालाच मिळाला नाही, पण प्रत्येक जण अर्धा तास बसून गेला. मी म्हटलं, “आबा, पाटी काढू या का?” तर म्हणाले, “पाटी काढायची? तिनंच तर गिऱ्हाईक आणलं!” आबा दोन भाकऱ्यांवर आले होते. मी पाटीला नमस्कार केला.

आणि मग हे एका संध्याकाळी चेहरा पाडून घरी आले.

“साहेब येताहेत. पुढल्या आठवड्यात, बाजाराच्याच दिवशी, सहाला. प्रचारकाचं घर कसं आहे ते बघणार. शेरा चांगला पडला तर कायम.” ह्यांनी पाटीकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग जमिनीकडे. “एकच दिवस. एकच दिवस सगळं बंद ठेव. पाटी उतरव.”

आबांचा उजवा कान नेमका ह्यांच्या बाजूला होता. ते उठले. आत गेले. थोड्या वेळानं मी बघते तर पलंगाखालची लोखंडी ट्रंक बाहेर आलेली आणि आबा धोतरांच्या घड्या घालत बसलेले.

“आबा, हे काय?”

“पोराची नोकरी शे. मी धरणगावला जातो. तिथलं घर झाडून घ्यायचंच होतं.”

त्या रात्री अर्धी भाकरी. तीही पाण्याच्या घोटाबरोबर ढकललेली.

मी पलंगाच्या काठावर बसले आणि म्हटलं, “आबा, खरं सांगा. एवढं काय होतं त्या पबात?”

आबा बराच वेळ घंटेला फडकं घासत राहिले. मग म्हणाले, “जानेवारीत मला ताप भरला. खोलीत एकटा. घरमालकीण बहिणीकडे गेलेली. दोन दिवस उठता येईना. पाणी संपलं. अन् तिसऱ्या दिवशी दारावर दणादण थापा! ट्रामवाला बॉबभाऊ. म्हणाला, अक्कानं पाठवलं. तुझी खुर्ची दोन दिवस रिकामी दिसली.” त्यांनी घंटा ट्रंकेत ठेवली. “एवढंच होतं. खुर्ची रिकामी दिसली की कोणीतरी येतं.”

धरणगावच्या घरात कोण मोजणार होतं खुर्च्या? आणि भाकऱ्या?

मी ट्रंक उलटी केली. खरोखर! धोतरं, घंटा, दाढीचं सामान, सगळं पलंगावर. आणि बाहेर जाऊन ह्यांना ठणकावलं, “पब बंद राहणार नाही! साहेब येऊ देत. पबात दारू नाही हे त्यांना डोळ्यांनी दिसू दे. उलट पेलाभर आल्याचं पाणी देऊ, खूश होऊन जातील!”

“आणि गायी?”

“गायी काय, गायी पवित्रच असतात!”

ह्यांनी पुन्हा डोक्याला हात लावला. तोच मी होकार समजले.

आता माझी चूक सांगते. साहेबांसाठी खास म्हणून मी चोवीस बाटल्या भरल्या आणि ठरवलं, ह्या तीन दिवसांनी उघडायच्या नाहीत. आठ दिवस मुरू द्यायच्या! लोणचं मुरतं, मुरांबा मुरतो, मग आलं का नाही मुरणार? बुचांना दुहेरी सुतळी. बाटल्या पितळी घंगाळात, वर ओलं पोतं, आणि घंगाळ बाहेरच्या खोलीत दारामागच्या बाकावर. मँचेस्टरच्या बर्फात बसलेली ती कृती. आणि जळगावात त्या आठवड्यात पारा एकशे बारा! इंदूच्या पाळण्याला मुंग्या लागू नयेत म्हणून मी चारी पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या होत्या. दारामागे दारूगोळा ठेवला होता, ते माझ्या ध्यानातही नाही!

बाजाराचा दिवस. सहा वाजले. ओट्यावर आबा, तोतारामजी, नथ्थू. भिंतीला ह्यांनी आणलेलं प्रचाराचं मोठं चित्र: दारुड्या पडलेला, बायको रडतेय. त्याच्याच शेजारी केळीच्या खोडाची ताजी, रसरशीत चकती, तीत पाच दाभण रुतलेले. मी इंदूला कडेवर घेऊन दारात. साहेब आले. पांढरी टोपी, पांढरा कोट, पांढऱ्या मिशा. धुवून वाळत घातल्यासारखे स्वच्छ. मागे हे, घामानं चिंब.

साहेबांनी मान वर करून पाटी वाचली. “काळा बैल? रोज पाच ते सात? हे काय, अभिमनराव?”

हे तोंड उघडतात तोच मागून हाक आली, “राम राम मालक! आज तरी बैल उना का?”

उखर्डू! दाव्याला तीच लाल गाय.

“कुठला बैल?” साहेब वळले.

“पाटीवरना! तिसरा बाजार शे हाऊ. तुमीच मालक शेतस ना? मग आते सांगा, हाई गाय मी किती खेपा आनू?”

साहेबांचे कान लाल झाले. तोतारामजींना एकाएकी खोकला आला. नथ्थू मदत करायला म्हणून पुढे झाला आणि म्हणाला, “साहेब, इथे बैल नसतो. इथे नुसतं प्यायचं आणि बसायचं!”

“काय प्यायचं?” साहेब म्हणाले.

उत्तर द्यायला कुणाला सवडच मिळाली नाही. गायीला दोन कोसांच्या धुळीनंतर केळीचं खोड दिसलं होतं! तिनं उखर्डूच्या हातून दावं हिसकलं आणि तीन पायऱ्या अशा चढली जणू तिलाच चहाचं आमंत्रण होतं. तोतारामजी खुर्चीवर उभे राहिले. नथ्थू “हो! हो!” करत शेपटी ओढायला लागला. मला मात्र एकच दिसत होतं: चकतीतले पाच दाभण. गायीच्या पोटात गेले तर?

“दाभण! अहो, दाभण काढा!” मी किंचाळले, इंदूला जवळच्या माणसाच्या हातात कोंबलं आणि गायीच्या नाकाखाली हात घातला. एक, दोन, तीन, चार, पाच! मोजून काढले. मागे वळले आणि मग कळलं, जवळचं माणूस म्हणजे साहेब होते! इंदू त्यांच्या मिशा ओढत होती.

इकडे गायीनं चकती तोंडात धरून हिसडा दिला. चकती दोरीनं दाराच्या कडीला. दार ओढलं गेलं, दोरी तुटली आणि दार उलट फिरून धाडकन बाकावर. बाकावरचं घंगाळ कलंडलं, बाटल्या गडगडत दारातून ओट्यावर.

ठाप!

पहिलं बूच छताला लागलं. क्षणभर शांतता. मग ठाप! ठाप! ठापठापठाप! आठ दिवसांचा दम एकदम बाहेर! देवाची कृपा, काच एकही फुटली नाही. पण बुचं कढईतल्या लाह्यांसारखी उडत होती. फेसाची एक धार प्रचाराच्या चित्रातल्या दारुड्याच्या तोंडात, दुसरी ह्यांच्या सदऱ्यावर, आणि तिसरी, सगळ्यांत जाडजूड, साहेबांच्या टोपीपासून थेट कोटाच्या तिसऱ्या गुंडीपर्यंत. गाय खोड चघळत शांत उभी होती. आणि आमच्या आठ महिन्यांच्या मुलीनं दारूबंदीच्या साहेबांचा गाल चाटला, मिटक्या मारल्या आणि पुन्हा चाटला!

मी तिला ओढून घेतलं आणि थर्मामीटर शोधायला लागले.

साहेबांनी चष्मा पुसला. मिशीवरचा फेस जिभेनं टिपला, कर्तव्य म्हणून. डोळे बारीक केले.

“यात काय आहे?”

“आलं,” मी म्हटलं. “साखर. लिंबू.”

“आणि?”

ह्यांनी डोळे मिटले.

“आणि चमचाभर खमीर,” मी म्हटलं. “साहेब, मी मुरू दिलं, ती चूक माझी. ह्यांना काही ठाऊक नाही. लिहायचं ते लिहा. पण हेही लिहा, की हे आमचे आबा ह्या ओट्यावर दोन महिने मुक्यानं बसून अर्ध्या भाकरीवर आले होते आणि कुणाही खात्याला त्याची चौकशी करावीशी वाटली नाही! आता ते दोन खातात. ह्याला गुत्ता म्हणायचं असेल तर म्हणा. मी उद्या पाचला पुन्हा उघडणार!”

 प्रमिलाबाईंच्या खिडकीतून “बाई गं!” असा आवाज आला.

आबांनी यातलं किती ऐकलं कोण जाणे, साहेब त्यांच्या डाव्या बाजूला होते. त्यांनी पंच्यानं खुर्ची पुसली आणि पुढे सरकवली. “बसा. उभं राहायचं नही इथं.”

“मी पीत नाही,” साहेब कडकपणे म्हणाले.

“मी बी नही,” आबा म्हणाले. “वर्षभर पबात बसलो. थेंब घेतला नही.”

साहेबांनी टोपी काढून झटकली. मग बसले. कदाचित फेसानं कोट जड झाला असेल. मी चहा टाकला. आत चहा उकळेपर्यंत बाहेर आबांचा आवाज येत होता: धुकं, ट्राम, राजाचं डोकं, मोजा विणणारी म्हातारी, दारावरच्या थापा. मी कपबशा घेऊन आले तेव्हा साहेब विचारत होते, “आणि त्या बाई? अजून आहेत?”

“ठाऊक नही,” आबा म्हणाले. “नाताळाला पत्र यायचं. सात वर्षं झाली, नही उनं.” मग घंटेवरून हात फिरवत, “तिचं दार कोण ठोठावणार? ठोठावायला माणूस पाठवणारी तीच होती.”

 उखर्डूनं गायीच्या पाठीवर हात फिरवला. साताला आबांनी घंटा वाजवली आणि साहेबसुद्धा उठले.

शेरा आठ दिवसांनी आला. बाटल्यांबद्दल एक अक्षर नाही. पबाबद्दल नाही. खमिराबद्दल नाही. एकच ओळ: ‘प्रचारकाचे घरी गाय आढळली.’ नोकरी कायम झाली नाही, पण गेलीही नाही. ह्यांची बदली झाली, धुळ्याला.

आम्ही आबांची ट्रंक भरली. ते ओट्यावरून हलेनात. “गिऱ्हाईक इथं अन् मालक धुळ्याला? असं कुठं असतं?” पुढची खोली आणि ओटा त्यांनी ठेवून घेतला. दुपारचा डबा प्रमिलाबाई देतात. त्या तर आता पाचला स्वतः बाकावर बसून मोजा विणतात म्हणे! मला त्यांनी आजवर एकदाही ‘बघा, मी सांगत होते’ म्हटलेलं नाही, आणि हे मला फार लागतं.

आबांचं पोस्टकार्ड दर सोमवारी यायचं. किती गिऱ्हाईक, किती गायी, किती भाकऱ्या, एवढंच. पण गेले दोन सोमवार कार्ड आलेलं नाही. प्रमिलाबाई लेकीच्या बाळंतपणाला चाळीसगावला गेल्या आहेत. तोतारामजी मुलाकडे भुसावळला. नथ्थूला लिहिता येत नाही. आणि इंदूला गोवर आहे, मला दाराबाहेर पाय टाकता येत नाही, हे दौऱ्यावर. टपालाचा घोटाळा असेल. तसंच असेल. मी काळजी करणारी बाई आहे, हे आधीच सांगितलं.

पण तुमच्यापैकी कुणी जळगावचं असेल, तर एवढं करा. बाजाराच्या रस्त्यानं टांग्याच्या अड्ड्यापाशी जा. डाव्या हाताला पाटी दिसेल. बैल आहे, जरा तिरपा. पाच ते सातच्या मधे जा. आबा खुर्चीत दिसले तर पाच मिनिटं बसा, ते उभं राहू देणार नाहीतच. आणि खुर्ची रिकामी दिसली, तर दार ठोठावा. दणादण ठोठावा, त्यांना डाव्या कानानं ऐकू येत नाही. उघडेपर्यंत ठोठावा. आणि मग मला एक कार्ड टाका.

गाय मात्र सोबत नेऊ नका. बैल अजून आलेला नाही.